मनी ट्री

मनी ट्री (शास्त्रीय नाव: पाचिरा ॲक्वाटिका) हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील दलदलीच्या प्रदेशातील सदाहरित वृक्ष असून भारतात तो प्रामुख्याने घरातील शोभेचे झाड म्हणून कुंडीत लावला जातो. भेंडी, कापूस व काटेसावर यांच्याप्रमाणे तो माल्वेसी कुळातील आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ओब्ले यांनी १७७५ मध्ये त्याचे वर्णन केले. मूळ प्रदेशात तो सुमारे १८ मीटर उंच वाढतो. कोवळ्या खोडांची वेणी घालून विकण्याची पद्धत १९८०च्या दशकात तैवानमध्ये रूढ झाली.

==नावाविषयी==
महाराष्ट्रात घरोघरी आढळणारी ‘मनी प्लांट’ ही वेल निराळी. ती पाण्याच्या बाटलीतही जगते. तोच न्याय मनी ट्रीला लावल्यास झाड दगावू शकते. वेल पाळीव मांजर-कुत्र्यांस विषारी आहे, मनी ट्री नाही.

==खंगण्याची कारणे==
दलदलीतला वृक्ष कुंडीत अतिपाण्याने मरावा, हे चमत्कारिक वाटेल. परंतु दलदलीत त्याला भरपूर ऊन मिळते व विस्तृत पर्णसंभारातून पाण्याचे बाष्पोत्सर्जन सतत चालू असते. अंधाऱ्या खोलीत झाड पाणी थोडेच शोषते, माती ओली राहते, तिच्यातील हवा संपते आणि तंतुमुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्याने पाने माना टाकतात. ते पाहून मालक आणखी पाणी घालतो. बहुतेक झाडे अशी मरतात. सर्वांत खालचे एखादे पान पिवळे पडणे मात्र स्वाभाविक होय. काटेसावर हिवाळ्यात निष्पर्ण होते, तशी पानगळ मनी ट्रीची नसते. एकाच वेळी अनेक पाने गळणे हे विकाराचेच लक्षण समजावे.

==भीमाशंकर परिसरातील निगा==
आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत पश्चिमेचा घाटमाथा अतिवृष्टीचा, तर मंचर, नारायणगाव हा पूर्वभाग त्या मानाने बराच कोरडा आहे. त्यामुळे ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा छापील नियम येथे निरुपयोगी ठरतो. घाटमाथ्यावर पावसाळ्यात धुके दाटते, प्रकाश मंदावतो व माती वाळतच नाही. अशा वेळी बोट दोन इंच खुपसून ओल लागल्यास पाणी घालू नये. कुंडी खिडकीजवळ, पण पागोळ्यांपासून दूर असावी. पूर्वेकडे चैत्र-वैशाखात पाणी वाढवावे लागते आणि दुपारचे थेट ऊन टाळावे लागते. शेतातील काळी माती कुंडीत नुसती भरू नये. ती पाणी धरून ठेवते.

==उपचार==
झाड कुंडीतून काढून मुळे धुवावीत. पांढरट व टणक मुळे ठेवून तपकिरी, बुळबुळीत, दुर्गंधीयुक्त मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. वेणीतील प्रत्येक खोड दाबून पाहावे. मऊ लागणारे खोड मेलेले असते व ते काढल्यास उरलेली वाचू शकतात. नंतर कोकोपीट, जाडी वाळू व थोडे कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात, तळाला छिद्र असलेल्या कुंडीत लावावे. कुंडी मुळांच्या पसाऱ्याहून किंचितच मोठी असावी. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते. नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊ नये. सर्व मुळे गेली असल्यास शेंड्याकडील टणक फांदी कापून नवे रोप करता येते.

मिश्रणासाठी पालापाचोळा घरच्या अंगणातला घ्यावा. भीमाशंकर अभयारण्यातून (घोषणा १९८५, क्षेत्र सुमारे १३१ चौ. किमी) परवानगीशिवाय माती वा पालापाचोळा आणण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मनाई आहे.