पिठले

पिठले हा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ फोडणीच्या पाण्यात शिजवून केला जाणारा महाराष्ट्रातील पदार्थ आहे. ‘पीठ’ या शब्दावरून त्यास हे नाव पडले. विदर्भ, मराठवाडा व खानदेशाच्या बोलींत त्यास ‘बेसन’ किंवा ‘चून’ असेही म्हणतात. भाजी आणलेली नसताना, अवेळी पाहुणा आला असताना किंवा महिनाअखेरीस रात्रीच्या जेवणाला पिठले-भाकरी अथवा पिठले-भात करण्याची रीत सर्व थरांतील घरांत आढळते. लागणारे जिन्नस बहुधा घरात असतातच आणि पदार्थ पंधरा-वीस मिनिटांत होतो. त्यामुळे घराबाहेर राहणारे विद्यार्थी व नोकरदार प्रथम जे पदार्थ शिकतात, त्यांत पिठल्याचा समावेश होतो.

साहित्य व कृती

तीन माणसांसाठी साधारण एक वाटी डाळीचे पीठ, अडीच ते तीन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, पाच-सहा लसूण पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, मोहरी, जिरे, हिंग, हळद, मीठ व कोथिंबीर एवढे साहित्य पुरते. कांदा ऐच्छिक आहे. भातावर घ्यावयाचे असल्यास पाणी चार वाट्यांपर्यंत वाढवितात.

पिठले करण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत पीठ थंड पाण्यात कालवून ते फोडणीत ओततात. दुसरीत फोडणीत पाणी घालून त्यास उकळी आणतात व एका हाताने पीठ थोडे थोडे पेरीत दुसऱ्या हाताने ढवळतात. पेरलेल्या पिठल्याची चव अधिक खमंग असते असे जुन्या गृहिणी मानतात, आणि ते बव्हंशी खरे आहे. तथापि नवशिक्यास पहिली पद्धत सोयीची. उकळत्या पाण्यात पीठ एकदम पडले की गोळ्याचा बाहेरचा थर तत्काळ शिजून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि कोरड्या पिठाची गुठळी राहते. थंड पाण्यात पीठ आधीच मोकळे झालेले असल्याने हा प्रकार टळतो. कालविताना सर्व पाणी एकदम न घालता प्रथम थोड्या पाण्यात पीठ घोटून घ्यावे लागते. गुठळी हा सर्वत्र दोषच समजला जातो असेही नाही: ‘गाठीचे पिठले’ मुद्दाम गाठी ठेवूनच करतात.

पिठले दाट झाले म्हणजे शिजले असा समज असतो, तो चुकीचा आहे. पीठ दोन-तीन मिनिटांतच आळते, परंतु त्याचा कच्चट वास जाण्यास मंद आचेवर झाकण ठेवून आणखी सात-आठ मिनिटे वाफ द्यावी लागते. बिघडलेल्या पिठल्यांपैकी पुष्कळशी या टप्प्यावर घाई केल्यामुळे बिघडतात. पिठले रटरटू लागले की त्याचे शिंतोडे उडून हात भाजतो. झाकणाचा हाही एक उपयोग. गार होताना ते आणखी घट्ट होते, म्हणून किंचित सैल असतानाच आचेवरून उतरवितात. तळाशी लागलेली खरपुडी काही घरांत आवडीने, क्वचित भांडून, खाल्ली जाते. अर्ध्या वाटीपेक्षा कमी पिठाचे पिठले करताना पाण्याचा अंदाज हमखास चुकतो. एकट्यासाठी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

डाळीचे पीठ जुने झाल्यास खवट होते व पावसाळ्यात त्यात जाळी धरते. ते थोडे थोडे आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात व वापरण्यापूर्वी चाळून घेतात.

प्रकार

पाणी कमी घालून कोरडे, मोकळे केले की त्यास झुणका म्हणतात. पाण्याऐवजी ताक वापरून ताकातले पिठले होते. ‘रावण पिठले’ हा भरपूर तेल व तिखट घातलेला झणझणीत प्रकार आहे. कोकणात व गोव्यात हरभऱ्याऐवजी भाजलेल्या कुळथाचे पीठ वापरतात. त्यात आमसूल घालतात. सिंधुदुर्गात ही ‘कुळथाची पिठी’ भातासोबत खातात.

आहारमूल्य

डाळीच्या पिठात शंभर ग्रॅममागे सुमारे 20 ते 22 ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर हरभऱ्यात ते पुरेसे असते. त्यामुळे पिठले व भाकरी एकत्र खाल्ल्यास प्रथिनांची प्रत सुधारते. सोबत कच्चा कांदा, मिरचीचा ठेचा किंवा मुळा घेण्याची पद्धत आहे. जीवनसत्त्वांच्या दृष्टीने ही तोंडी लावणी दुर्लक्षणीय नाहीत, कारण पिठल्यात भाजीचा अंश जवळजवळ नसतो.

समाजजीवनात

महाराष्ट्रात 1995 साली सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देणारी योजना सुरू केली, तेव्हा हे गरिबाघरचे जेवण राजकीय चर्चेचा विषय झाले. पुण्याजवळील सिंहगडावर पर्यटकांना चुलीवरची पिठले-भाकरी मिळते व तिची ख्याती मोठी आहे.

घरात मृत्यू झाला असता त्या दिवशी चूल न पेटविण्याची प्रथा अनेक समाजांत आहे. अशा वेळी शेजारी किंवा आप्त पिठले-भात वा पिठले-भाकरी करून आणतात. या संबंधामुळे काही कुटुंबांत मंगलप्रसंगी पिठले वर्ज्य मानतात. याउलट शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनी भाविक पिठले-भाकरीचाच नैवेद्य दाखवितात.