दोरीला लागलेले हात : मे महिना, आजोळ आणि रापण

मराठी ललित गद्यात कोकणातील आजोळाचे एक ठरीव चित्र आहे. मे महिन्याची सुट्टी, माडांची बाग, समुद्राची गाज, आणि नातवाचे बोट धरून खडपावर गरवायला निघालेले आजोबा. हे चित्र खोटे नाही; मात्र ते अपुरे आहे. स्मरणरंजनात ऋतू फक्त आंब्याफणसांपुरते उरतात आणि समुद्राचे स्वतःचे वेळापत्रक पुसले जाते. ते वेळापत्रक पुन्हा मांडून पाहिले, तर या सुट्टीचा अर्थच बदलतो.

मुळात ही सुट्टी गिरणीने घडवली. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्हा गिरण्यांना मनुष्यबळ पुरवणारा प्रमुख जिल्हा ठरला. (आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता.) कर्ता पुरुष मुंबईत, म्हातारी माणसे गावी आणि मध्ये मनीऑर्डर, अशी कुटुंबाची विभागणी झाली. नातू आजोबांना भेटत असे तो प्रामुख्याने शाळेच्या सुट्टीत. त्या काळी जाण्यायेण्याचा मुख्य मार्ग आगबोटीचा. आणि पावसाळ्यात दक्षिण कोकणच्या बंदरांची बोटवाहतूक बंद राही. पाऊस उतरण्यापूर्वी परतीची बोट गाठणे भाग होते. म्हणजे शाळेने दिलेल्या सुट्टीची अखेरची तारीख समुद्रच ठरवीत असे.

तोच समुद्र मासेमारीचीही सीमा आखत होता. नारळी पौर्णिमेनंतर सुरू होणारा हंगाम मे महिन्यात सरत येतो. चाकरमान्यांच्या मुलांनी पाहिला तो समुद्र हंगामाच्या शेवटाचा. अंगणात वाळत घातलेले बांगडे, मिठात मुरवलेला खारा, सुकट, सोडे हा देखावा सुट्टीसाठी मांडलेला नव्हता. ती आगोटीची बेगमी होती. पुढचे दोन-तीन महिने ताजी मासळी मिळणार नाही, या जाणिवेने घरातील बायका त्या उन्हात राबत होत्या. परतताना नातवाच्या सामानात सुकटीचे पुडके पडे, ते याच बेगमीतून काढलेले. लेखकांना वास आठवतो. त्या वासामागची टंचाई सहसा आठवत नाही.

आजोबांच्या गळाकडेही या दृष्टीने पाहायला हवे. गरवणे हा विरंगुळा खरा, पण त्यामागे मोजमाप होते. किनाऱ्यावर एक ढोबळ हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, हे निरीक्षण त्या गुणाकारात दडलेले आहे. प्रत्येक बंदरात थोडाफार फरक पडतो, आणि तो अनुभवाने ठाऊक करून घ्यावा लागतो. घड्याळावर वाढणाऱ्या नातवाला पंचांगावर चालणाऱ्या समुद्राची ओळख इथे होत असे. शाळेत न शिकवले जाणारे हे ज्ञान पोहोचवण्यासाठी वर्षातून एक महिना हाताशी होता.

हेमिंग्वे यांची म्हातारा आणि समुद्र यांची कथा १९५२ साली प्रसिद्ध झाली, पु. ल. देशपांडे यांनी ती ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. एकटा म्हातारा, त्याला जीव लावणारा मुलगा आणि एक प्रचंड मासा ही प्रतिमा आपल्या मनात घट्ट बसली आहे. पण कोकणच्या किनाऱ्याचे मध्यवर्ती दृश्य एकट्याच्या झुंजीचे नव्हते. ते रापणीचे होते. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ घेत जाळे सोडत जाते, दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्ही बाजूंनी कित्येक माणसे दोरी ओढतात. मासळीचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, श्रमाचा. ओढायला हात लावणाऱ्यालाही चार मासे मिळतात. ज्याचे घर मच्छीमाराचे, त्या नातवासाठी सुट्टी म्हणजे याच दोरीला लागलेला एक जादा हात. ज्याचे घर तसे नव्हते, त्याच्यासाठी ती गंमत होती. आपल्या आठवणींच्या लेखनात ही गंमत उतरली. वाटा क्वचितच उतरला.

ही व्यवस्था मोडली ती समुद्रातच. रापण मासळीच्या थव्याची किनाऱ्यावर वाट पाहते. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी तो थवा बाहेरच घेरतात. गोव्यात १९७० च्या दशकात रांपणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचा विचार त्यांत आहे. तरी संघर्ष थांबला नाही, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राला पर्ससीनवर नवे निर्बंध घालावे लागले. दरम्यान १९८२ च्या संपाने गिरणगाव खचला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि गावी जाणे पावसाळ्यातही सोपे झाले. एकीकडे सुट्टीचे कारण संपले, दुसरीकडे तिची सीमा.

आज मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पर्यटकही दोरीला हात लावतात, छायाचित्रे काढतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. मुंबईहून येणारी अनेक मुलेही एके काळी तेवढेच करीत होती. फरक इतकाच की त्या मुलांच्या शेजारी ती दोरी कोणाच्या वाट्याची आहे हे सांगणारा म्हातारा उभा असे. आजोळावरील लेखन वर्गात शिकवताना माडांच्या सावलीपाशी थांबून चालणार नाही. त्या ओळींमधील मासा कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात आणि किती हातांनी किनाऱ्याला लागला, हेही विद्यार्थ्यांना विचारायला हवे. या प्रश्नाने त्या गद्याचे सौंदर्य कमी होत नाही. त्यातील माणसांची संख्या मात्र वाढते.