खो-खोच्या विश्वविजेत्या पंधरा जणी आणि बीडची कर्णधार

क्रीडा प्रतिनिधी, धर्मापुरी (जि. बीड) : केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे धर्मापुरीचे नाव अभ्यासकांना परिचित आहे. क्रीडाक्षेत्रात मात्र बीड जिल्ह्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते जानेवारी 2025 मध्ये. नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात 13 ते 19 जानेवारीदरम्यान खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारतीय महिला संघाचे नेतृत्व केज तालुक्यातील कळंबअंबा या गावच्या प्रियांका इंगळे हिच्याकडे होते. या संघाची जडणघडण कशी झाली, कोणाकडे कोणती जबाबदारी होती, हे खो-खोप्रेमींच्या संग्रही असावे असेच आहे.

स्पर्धेपूर्वी दिल्लीत प्रदीर्घ सराव शिबिर भरविण्यात आले आणि त्यातून स्पर्धेच्या तोंडावर पंधरा जणींची निवड जाहीर झाली. प्रशिक्षक म्हणून सुमित भाटिया यांची नियुक्ती होती. महाराष्ट्रातून प्रियांकाखेरीज धाराशिवची अश्विनी शिंदे आणि रेश्मा राठोड यांना स्थान मिळाले. दिल्लीची नसरीन शेख ही संघातील सर्वांत अनुभवी खेळाडूंपैकी एक. कर्नाटकची चैत्रा बी., राजस्थानची निर्मला भाटी, ओडिशाच्या सुभश्री सिंग आणि मगई माझी, गुजरातची भिलार ओपिनाबेन, जम्मूची नाझिया बीबी यांच्यासह अंशू कुमारी, नीता देवी, वैष्णवी बजरंग, मीनू आणि मोनिका या उर्वरित खेळाडू. ही नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ज्या खेळाची पहिली नियमावली तयार झाली, त्याच्या राष्ट्रीय संघात महाराष्ट्राचे आता निर्विवाद बहुमत राहिलेले नाही. खेळाच्या दृष्टीने हे शुभलक्षणच म्हणावे लागेल.

विश्वचषकाचा खेळ आपल्या शाळांच्या मैदानावरील खेळाहून बराच वेगळा होता. पारंपरिक खो-खोत संघाचे नऊ गडी मैदानात उतरतात, येथे सातच. माती जाऊन मॅट आली. सात मिनिटांचा एक डाव, असे चार डाव आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे दोन गुण. पाठलाग करणाऱ्या गड्याला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, हा खो-खोचा मूळ दंडक; परंतु 'वजीर' म्हणून नेमलेल्या गड्याला दोन्ही दिशांना धावण्याची मुभा आहे. शिवाय संरक्षण करणारी तीन जणींची तुकडी तीन मिनिटांपेक्षा अधिक टिकली की तिला 'ड्रीम रन'चे गुण मिळतात. त्यामुळे अशा संघाची निवड करताना केवळ सूर मारून गडी टिपणाऱ्या मुली पुरत नाहीत. हुलकावणी देत दीर्घकाळ पळणाऱ्या मुलींचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे.

अंतिम सामन्यात त्याचाच प्रत्यय आला. नेपाळविरुद्ध पहिल्या आक्रमणात भारताने 34 गुण घेतले. मध्यंतराला 35-24 अशी आघाडी होती, म्हणजे नेपाळने सामना सोडलेला नव्हता. तिसऱ्या डावात भारताने ती 73-24 अशी वाढविली आणि अखेरच्या डावात चैत्राच्या तुकडीने ड्रीम रनचे पाच गुण मिळवून 78-40 असा विजय निश्चित केला. अंतिम सामन्यातील उत्कृष्ट आक्रमक अंशू कुमारी ठरली, तर उत्कृष्ट खेळाडूचा मान चैत्राला मिळाला. त्याआधी दक्षिण कोरिया (175-18), इराण (100-16), मलेशिया (100-20), बांगलादेश (109-16) आणि दक्षिण आफ्रिका (66-16) यांना भारताने नमविले होते. या आकड्यांतील तफावत पाहता जागतिक स्पर्धा म्हणून खो-खोला अद्याप बराच पल्ला गाठायचा आहे, हेही मान्य करावे लागते. पुरुष गटातही भारतानेच नेपाळला 54-36 असे हरविले. त्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हा महाराष्ट्राचाच.

प्रियांकाचे मूळ गाव बीड जिल्ह्यातील असले तरी तिचा खेळ बहरला तो पुणे परिसरात. ही बाब जिल्ह्याने अभिमानाबरोबरच गांभीर्याने घेण्यासारखी आहे. बीडमधील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शालेय आणि विद्यापीठीय स्पर्धांचा मुख्य हंगाम नेमका याच महिन्यांत येतो. कोयत्यामागे गेलेली चपळ मुलगी निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर नसते आणि मग पुढील कोणत्याही यादीत तिचे नाव येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तांडे गावी परतलेले असतात तो काळ एप्रिल-मेचा. त्या अर्थाने उन्हाळी शिबिर हीच या मुलींची खरी निवड चाचणी ठरू शकते. पहाटे आणि सायंकाळी दोन तास, दोन खांब आणि चुन्याने आखलेले मैदान एवढ्या सामग्रीवर ते चालते. मॅटची सवय मात्र मातीवर लागत नाही.

विजयानंतरच्या कौतुकातही समानता नव्हती. महाराष्ट्र शासनाने राज्यातील विश्वविजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. कर्नाटकाने पाच लाख देऊ केले, तेव्हा चैत्रा आणि पुरुष संघातील गौतम एम. के. यांनी महाराष्ट्राचा दाखला देत ती रक्कम नाकारली. दोन्ही संघांतील खेळाडूंनी एकाच मॅटवर, एकाच आठवड्यात विश्वचषक जिंकला होता.

धाराशिवच्या सारिका काळे हिला 2020 मध्ये आणि नसरीनला 2023 साठीचा अर्जुन पुरस्कार लाभला आहे. धाराशिवमध्ये सारिकानंतर अश्विनी उभी राहिली, याचे कारण तेथे वर्षभर सुरू असलेला सराव. केज, अंबाजोगाई, परळी आणि धर्मापुरीच्या पट्ट्यात शाळांची पटांगणे आहेत, मुलीही आहेत. बाराही महिने उघडे राहणारे खो-खोचे मैदान हवे आहे.