पुसदचा कापूस आणि जगाची पेठ

यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, पूस नदीच्या काठी आणि डोंगरांच्या कोंडाळ्यात पुसद हे शहर वसले आहे. दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे मराठवाडा सुरू होतो. काळी जमीन, पावसावर अवलंबून असलेली शेती आणि त्या शेतीतला कापूस, ही या मुलखाची ओळख. बाहेरून पाहणाऱ्याला हे एक आडबाजूचे तालुक्याचे ठिकाण वाटेल. परंतु या मातीत पिकणाऱ्या कापसाचा भाव दीडशेहून अधिक वर्षे लिव्हरपूल, मुंबई आणि न्यूयॉर्क येथील घडामोडींनी ठरत आला आहे. १९९१ नंतर 'उदारीकरण' हा शब्द आपल्या तोंडी बसला आणि खुला व्यापार ही एक नवीच गोष्ट आहे असा सर्वांचा समज झाला. वऱ्हाडपुरते बोलायचे तर हा समज खरा नाही. खुला व्यापार येथे पूर्वी एकदा येऊन गेलेला आहे. त्या पहिल्या अनुभवाशी दुसरा ताडून पाहिला, तर 'बाजार खुला असावा की बंद' या नेहमीच्या वादापलीकडचे काही हाती लागते.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर मिर्झापूरला जाई आणि तेथून गंगेतून कलकत्त्याला पोहोचे. बंजाऱ्यांचे तांडे धान्य, मीठ आणि कापूस वाहून नेत. देशाच्या अंतर्भागातील व्यापाराची ती चालती-बोलती वाहिनी होती. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले, त्यामागे या काळ्या मातीतील कापसाचेही आकर्षण होते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. शेतकऱ्यांनी ज्वारीची शेते कापसाखाली आणली, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले तसे भाव कोसळले. भाव गेले, पण कर्जे राहिली.

युद्धानंतरही कापसाची ओढ संपली नाही. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या कापूसपेठेसाठी वेगळी शाखा निघाली. त्या काळी कापूस आयुक्त म्हणून काम पाहणारे रिव्हेट-कार्नॅक यांनी आपल्या अहवालात जे लिहिले आहे, ते आजही विचार करायला लावणारे आहे. रेल्वे आली की विलायती कापड स्वस्तात येईल, देशी कापड मागे पडेल, मग सुतासाठी येथेच खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील, अशी आशा त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता व्यक्त केली होती. पुढे घडलेही तसेच. कोष्ट्यांचे माग थंडावले, घरोघरचे सूतकताई मागे पडले. आणि ज्यांच्या बैलांनी हा व्यापार शतकानुशतके वाहिला, त्या बंजाऱ्यांचा धंदा आगगाडीने हिरावून घेतला. पुसदच्या आसपासच्या डोंगरउतारांवर त्यांचे तांडे स्थिरावले आणि व्यापाराचे वाहक कोरडवाहू शेतकरी व मजूर झाले.

हा व्यापार 'मुक्त' म्हणवला जात होता. परंतु त्याचे नियम कोणाच्या सोयीने ठरत होते हे जकातीच्या इतिहासावरून कळते. मँचेस्टरच्या आग्रहाखातर हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरील आयातकर कमी होत होत १८८२ मध्ये रद्द झाला. १८९६ मध्ये सरकारी तिजोरीच्या गरजेपोटी विलायती कापडावर साडेतीन टक्के कर बसवावा लागला, तेव्हा येथील गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादनकर लादण्यात आला. तो रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली ती अशा प्रतिकूल वाऱ्यात.

पहिल्या खुल्या व्यापाराचा हिशेब शतकाच्या अखेरीस झाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. ज्या प्रांताची बाजारात श्रीमंत म्हणून ख्याती होती, तेथील लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. कापूस विकून धान्य विकत घ्यावे ही व्यवस्था सुकाळात चालली. पाऊस गेला तेव्हा मजुराकडे ना कापूस होता, ना धान्य, ना धान्य घेण्यापुरती मजुरी. कापूस नेण्यासाठी बांधलेल्या रेल्वेने बाहेरून धान्य आणता येत होते. ते विकत घेण्याची ऐपत मात्र तिला आणता येत नव्हती.

तथापि याच काळात वऱ्हाडने देशाला एक चांगली गोष्टही दिली. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. वजनमापे, दलाली, अडत आणि मनमानी कडते यांवर बंधन घालणारा हा देशातील अगदी सुरुवातीचा प्रयत्न होय. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने त्याची दखल घेतली आणि आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळे तेथपर्यंत पोहोचतात. त्या समित्यांवर व्यापाऱ्यांचेच प्राबल्य होते हे खरे. पण दूरच्या बाजारात आपला माल जात असताना जवळच्या काट्यावर तो नीट तोलला गेला पाहिजे, ही जाण त्यातून रुजली. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेररचनेत तो जिल्हा मोडून पुसद यवतमाळला जोडले गेले.

स्वातंत्र्यानंतर चक्र उलटे फिरले. पुसदजवळच्या गहुली या गावी बंजारा समाजात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत संकरित ज्वारीचा प्रसार झाला, कृषी विद्यापीठे उभी राहिली, रोजगार हमी योजना आकाराला आली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९७१ चा कापूस खरेदी, प्रक्रिया व पणन कायदा. त्यानुसार १९७२ च्या हंगामापासून राज्यात 'कापूस एकाधिकार खरेदी योजना' सुरू झाली. खासगी व्यापाऱ्याला कापूस घेण्यास मनाई झाली आणि सारा कापूस शासनाच्या वतीने सहकारी पणन महासंघाने घ्यावा असे ठरले. ज्या समाजाला खुल्या व्यापाराने रस्त्यावरून उठवले होते, त्याच समाजातील एका पुत्राच्या राज्यात कापसाचा खासगी व्यापार बंद व्हावा, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

या योजनेमागचा हेतू उदात्त होता. अडत्या आणि दलाल दूर व्हावेत, हमीभाव मिळावा, रुई व सरकीच्या विक्रीतून होणाऱ्या नफ्याचा वाटा शेतकऱ्याला परत मिळावा, असा तो विचार. जागतिक भाव पडलेल्या वर्षांत तिने शेतकऱ्याला खरोखर आधार दिला. परंतु एकाच राज्याभोवती घातलेले हे कुंपण टिकणारे नव्हते. शेजारच्या राज्यांत भाव चढा असला की कापूस रातोरात सीमा ओलांडे, भाव उतरला की बाहेरचा कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर येऊन पडे. प्रतवारीतील पक्षपात, वजनकाट्यापुढील गाड्यांच्या रांगा आणि महिनोन्‌महिने रखडणारे चुकारे ही त्या काळातील शेतकऱ्याची नित्याची गाऱ्हाणी झाली. केंद्राची निर्यातबंधनेही होतीच, त्यामुळे जगात भाव वाढला तरी त्याचा लाभ येथवर झिरपत नसे. डिसेंबर १९८६ मध्ये शेजारच्या हिंगोली भागातील सुरेगाव येथे कापूस आंदोलनातील शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. त्याच वर्षीच्या १९ मार्चला आजच्या महागाव तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपल्या कुटुंबासह जीवन संपवले होते. महागाव हा पुसदच्या शेजारचा तालुका. शेतकऱ्यांचे मरण उदारीकरणाने आणले असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. बंद बाजाराच्या सावलीतही शेतकरी मरत होता.

म्हणूनच शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९१ नंतरच्या खुल्या धोरणाचे स्वागत केले. सरकार शेतीमालाचे भाव बंधने घालून पाडते, म्हणजे शेतकऱ्याला मिळते ती 'उणे सबसिडी', असे त्यांचे म्हणणे होते. बंधने उठली तर शेतकरी आपल्या पायावर उभा राहील अशी त्यांची श्रद्धा होती. डॉ. मनमोहन सिंग यांनी जुलै १९९१ मध्ये तो प्रसिद्ध अर्थसंकल्प मांडला, तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक होते. तेही गहुलीचेच. त्यांच्या काळात १९९२ मध्ये राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग स्थापन झाला. बाजार कोणताही असो, कोरडवाहू शेतकऱ्याची पहिली गरज पाणी आहे हे त्यांनी ओळखले होते.

खुलेपणाचा प्रत्यक्ष अनुभव मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा आला. १९९४ मध्ये कापसाची आयात खुल्या परवान्याखाली आली, १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. त्या वेळी जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला ९० सेंटच्या वर होता. २००१-०२ मध्ये तो सरासरी ४२ सेंटच्या आसपास आला. त्याच काळात अमेरिकेचे सरकार आपल्या कापूस उत्पादकांना दरवर्षी अब्जावधी डॉलरचे अनुदान देत होते. ब्राझीलने २००२ मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि तो खटला जिंकला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी २००३ मध्ये हाच प्रश्न कान्कुनच्या परिषदेपुढे नेला. माली किंवा बुर्किना फासोमधील कोरडवाहू शेतकरी आणि पुसदचा शेतकरी एकाच दोरीने बांधले गेले होते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ' या परिपत्रकात, असमान बळाच्या देशांमध्ये केवळ खुल्या व्यापाराने न्याय साधत नाही असा इशारा दिला होता. कापसाइतके त्याचे नेमके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

राज्यातील एकाधिकार २००२ नंतर सैल झाला आणि खासगी खरेदी परतली. त्याच वर्षी बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. बियाणे, खत आणि फवारणी यांचा खर्च वाढत गेला, पण जमिनीला पाणी पूर्वीइतकेच दुर्मिळ राहिले. आत्महत्यांच्या लाटेने यवतमाळचे नाव जगभर गेले. १ जुलै २००६ च्या सुमारास पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग स्वतः विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. ज्या हाताने १९९१ मध्ये दार उघडले, त्यालाच पंधरा वर्षांनी जखमेवर पट्टी बांधावी लागली.

पुढचा प्रसंग याहूनही बोलका आहे. २०१०-११ मध्ये जगातील कापसाचे भाव विक्रमी झाले. शेतकऱ्याने वाट पाहिली तो हा क्षण. परंतु एप्रिल २०१० मध्ये निर्यात थांबवण्यात आली, नंतर तिच्यावर ५५ लाख गाठींची मर्यादा आली आणि मार्च २०१२ मध्ये काही दिवस पुन्हा बंदी आली. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा हंगाम तोंडावर असताना, आयातीवरील ११ टक्के शुल्क माफ झाले आणि ती माफी त्या वर्षाच्या अखेरपर्यंत वाढवण्यात आली. गिरण्यांना व कापड निर्यातदारांना दिलासा हवा होता हे खरे, आणि त्यांच्याकडेही लाखो कामगारांची पोटे आहेत. पण पुसदच्या शेतकऱ्याच्या नजरेतून पाहिले तर दार आत येणाऱ्या मालासाठी उघडते आणि बाहेर जाणाऱ्या मालासाठी बंद होते. १८८२ ची जकात आणि २०१२ ची निर्यातबंदी यांत धोरणाचे नाव निरनिराळे आहे, किल्ली मात्र दोन्ही वेळा कापूस पिकवणाऱ्याच्या हाती नव्हती.

मग प्रदेशाचा विकास कशाने होतो? १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने राज्यातील प्रादेशिक असमतोल मोजला, तेव्हा सिंचन, रस्ते यांसारख्या क्षेत्रांतील विदर्भाचा अनुशेष आकड्यांनिशी पुढे आला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. पण उद्योगांना स्थळ निवडण्याची मोकळीक मिळाल्यावर भांडवल मुख्यतः मुंबई-पुण्याच्या परिसराकडे वळले, कारण बंदर, रस्ते आणि कुशल हात तेथे आधीच होते. मोकळीक सर्वांना सारखी मिळाली, तिचा उपयोग करण्याची ताकद सारखी नव्हती. पुसदवरून जाणारा वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर झाल्यानंतर त्याच्या वर्धा ते कळंब या पहिल्या टप्प्यावर गाडी धावायला २०२४ साल उजाडावे लागले.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो असे मला वाटते. खुला बाजार आणि बंद बाजार हे दोन्ही पुसदने अनुभवले, आणि दोहोंतही नफा वाटून घेणारे अनेक होते, जोखीम उचलणारा एकच. ही जोखीम हलकी करणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. शेताला एक-दोन पाण्याच्या पाळ्या, पेरणीपूर्वी रास्त व्याजाचे कर्ज, चोख वजनकाटा, वेळेवर चुकारा, आणि जिनिंगच्या पुढे सूत व कापडापर्यंतची प्रक्रिया याच भागात. या असतील तर पुसदचा शेतकरी जगाच्या पेठेत उभा राहू शकेल. त्या नसतील तर दाराची उघडझाप तो आजवर जशी सोसत आला, तशीच पुढेही सोसत राहील. व्यापाराचे कोणतेही धोरण तपासायचे तर मुंबई-दिल्लीतील निर्देशांकांबरोबर पुसदच्या बाजार समितीत कापसाची गाडी रिकामी करून घरी निघालेल्या माणसाच्या गाठीला काय उरले, हेही पाहिले पाहिजे. दीडशे वर्षांत तो हिशेब फारच थोड्यांनी विचारला.