लुडो किंग

पटावरच्या लुडोचे मोबाइल-रूपांतर. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने हा खेळ 2016 मध्ये आणला. निर्माते विकाश जायस्वाल. मूळ खेळ पचिसी. तिच्या कापडी पटाच्या प्रत्येक बाहीत 24 घरे असतात आणि दान कवड्यांनी पडते. इंग्लंडमधल्या लुडोने बाही 18 घरांची केली, कवड्यांच्या जागी एक फासा आणला. लुडोचे पेटंट 1896 चे. ॲपने हाच आटोपशीर पट घेतला.

पाळीपाळीने खेळायचे खेळ हातातल्या यंत्रावर सहज उतरतात, भूमिका-खेळ मात्र अडतात. 2007 साली पीएसपी या हातातल्या खेळयंत्रावर आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स टॅक्टिक्स’मध्ये लढाईचे नियम उतरले, पण ऐनवेळी गोष्ट वळवणारा सूत्रधार यंत्रात कुठून आणणार? लुडोला त्याची गरजच नाही. फासा संगणक टाकतो, म्हणून हरणारा त्याच्यावर संशय घेतो, हे ओघानेच आले.

एकाच फोनवर आळीपाळीने खेळताना इंटरनेट लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीसारख्या जंगलपट्ट्यात, रेंज गेल्यावरही, डाव मोडत नाही. 2020 च्या टाळेबंदीत दूरच्या नातेवाइकांशी ऑनलाइन खेळण्यासाठी ॲपचा वापर प्रचंड वाढला. डावपेचांत मात्र पचिसीच सरस.