आजीचं म्हणणं आणि तीन किलोमीटरचं भोक

मागच्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण जंगली जयगडावर गेलो होतो. पोफळीहून कुंभार्ली घाटाने वर हेळवाक, तिथून नवजा, वनखात्याची परवानगी, आणि मग दाट रानातली वाट. गडाच्या टोकाला गेलात की पायाखाली सरळ कोकणात कोसळणारा कडा आणि तळाशी पोफळी, माझं आजोळ.

कडा नीट बघितलात तर त्यात पायऱ्या दिसतील. त्या लाव्हाच्या थरांच्या आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. म्हणून या खडकाला जुने भूशास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणायचे. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचं मूळ जिना. सोबतच्या एकाने विचारलं, "मग या जिन्याची शेवटची पायरी कुठाय?"

हा प्रश्न महत्त्वाचा ठरला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेमुळे. ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगर कोसळलं, सुमारे १८० माणसं गेली. दख्खनचं पठार तोवर स्थिर समजलं जायचं. आजी मात्र म्हणायची, "धरणात पाणी भरलं नि जमीन हलाय लागली." शाळेत असताना मला हसू यायचं. १०३ मीटर उंच धरणाचं पाणी सह्याद्रीपुढे ते काय!

पुढे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसलं, की पावसाळ्यात शिवसागर भरल्यानंतरच्या महिन्यांत इथले धक्के वाढतात. कारण तपासायला कोयना-वारणा भागात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. १२४७ मीटरवर बेसाल्ट संपला. मध्ये वाळूचा खडक वगैरे काही नाही, थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन पाषाण. शेवटची पायरी ती!

भूकंप होतात ते याच पाषाणात. त्याच्या भेगांत आधीच ताण साठलेला असतो. वरच्या तलावाचा भार बदलतो, पाण्याचा दाब भेगांतून खोलवर पोचतो, आणि घट्ट बसलेली भेग सरकते. म्हणजे ताण धरणाने निर्माण केला नाही, पण त्याला निमित्त मात्र दिलं. आजी पुष्कळशी बरोबर होती.

तिच्याकडे यंत्र नव्हतं, फक्त लक्ष होतं. गड उतरून पोफळीत आल्यावर मी वही काढली. कोणाला कधी, कसा धक्का जाणवला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेतेय. तेवढंच आता हातात आहे.