तगर ते तेर : चाकाची धाव आणि वेगाची मर्यादा

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर नगर होय. तगरच्या व्यापाराचा विचार बहुधा तेथील कापड, मृण्मय मूर्ती व हस्तिदंती शिल्प यांच्या अंगाने होतो. हा माल वाहून नेणाऱ्या चाकांकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वाहनाच्या वेगाची मर्यादा जनावराकडून टायरकडे कशी सरकली, हे तेरच्या संदर्भात पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

बैलाची गती

इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार भडोचहून पैठण वीस दिवसांच्या व पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर होते. तगरचे जाडेभरडे कापड व मलमल रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर भडोचला जाई. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मत मांडले. सरळ रेषेत भडोच–पैठण अंतर सुमारे 350 कि.मी., तर पैठण–तेर सुमारे 150 कि.मी. भरते. म्हणजे दोन्ही टप्प्यांत दिवसाची मजल 15 ते 18 कि.मी. पडते. वळणे धरता ती थोडी अधिक होईल. भरलेल्या बैलगाडीला ही मजल साजेशी आहे. येथे वेगाची मर्यादा बैलच ठरवीत होता.

लोखंडी धाव ते हवेचा टायर

लाकडी चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीस मराठीत ‘धाव’ म्हणतात. लोहार ती तापवून चाकावर बसवितो व पाणी ओततो. पट्टी आकसून चाक घट्ट आवळते. ही धाव झिजण्यास चिवट, परंतु अरुंद असल्याने पावसाळ्यात काळ्या मातीत रुतते. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी 1845 मध्ये घेतले, तर जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये त्यास व्यवहारात आणले. पुढे बैलगाडीलाही रबरी टायर आले. ओझे वाढले, पण वेग बैलाचाच राहिला. इंजिन आल्यावर मात्र स्थिती पालटली. रबर प्रत्येक फेऱ्यात दबते व पूर्ववत होते. त्यातून उष्णता निर्माण होते. वेग, ओझे व कमी हवा यांनी ती वाढते आणि अखेर टायर फुटतो. आता मर्यादा टायरची झाली.

वेगाची अक्षरे

टायरचे मुख्य प्रकार दोन. तिरकस थरांच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांस छेदतात. रेडियलमध्ये ते आडवे जातात व वर पोलादी पट्टा असतो. रेडियल कमी तापतो, म्हणून अधिक वेगास योग्य ठरतो. टायरच्या बाजूवरील ‘88 एच’ या खुणेचा अर्थ 560 कि.ग्रॅ. भार व ताशी 210 कि.मी. कमाल वेग असा आहे. एस 180, टी 190 व व्ही 240 कि.मी. दर्शवितात. मालमोटारींच्या टायरवर बहुधा जे (100), के (110) किंवा एल (120) ही अक्षरे आढळतात. शेतीच्या टायरसाठी ‘ए’ श्रेणी असून ए 6 म्हणजे 30, तर ए 8 म्हणजे 40 कि.मी. या श्रेणीतील सर्वांत खालची पायरी ए 1, म्हणजे ताशी 5 कि.मी. होय. ताशी तीन-चार कि.मी. चालणारी तगरची गाडी तिच्याही खालीच राहिली असती.

समारोप

हे अक्षर नव्या, योग्य हवा भरलेल्या व नेमून दिलेल्या ओझ्यातील टायरपुरतेच हमी देते. झिजलेल्या, जुन्या वा हवा कमी असलेल्या टायरला ते लागू पडत नाही. तेरच्या परिसरात उसाची ट्रॉली ए श्रेणीच्या टायरवर धावते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 कि.मी. ची मुभा आहे. बैल दमला की थांबत असे. टायर दमल्याचे दिसत नाही. तो एकदम फुटतो. पूर्वी गाडीवान बैल पारखून मगच वाटेला लागे. आज तीच पारख टायरच्या बाजूवरील एका अक्षराची असावयास हवी. आणि महाविद्यालयाच्या आवारात वाहने उभी करणाऱ्या विद्यार्थ्यांना ते वाचावयास शिकविणे हे आपल्या अध्यापनाबाहेरचे मानता येणार नाही.